कुरवांचा कडा गप्प होता

आमच्या वस्तीत एनोककाका स्वतःच्या लेकीला ‘बाबा’ म्हणतो. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या बाळाला देतात, नात्यासकट. बिबिआने त्याचे वडील गेल्यावर लगेच जन्मली, म्हणून ती त्याची बाबा. सत्तरीचा हा माणूस अख्ख्या ग्रीनलँडमध्ये फक्त तिला घाबरतो.

तिनं या उन्हाळ्यात हुकूम सोडला होता. “एकदा जरी वाट चुकलास, तरी कयाकमधून समुद्रावर जाणं बंद. आणि जीपीएस न्यायचाच.”

“बाबा, ते यंत्र मला चालवता येत नाही.”

“उयार्नेकला येतं. त्याला ने.”

उयार्नेक म्हणजे मी. तालुक्याच्या शाळेत मी शिकलो ते एवढंच, असं काकाचं मत.

आम्ही दोघं सीलच्या शिकारीला गेलो, पण सील काही मिळाला नाही. परतताना धुकं असं उतरलं की मला माझ्याच कयाकचं टोक दिसेना. काका निवांत. उजवीकडे कुरवांचा कडा लागतो. हे समुद्रपक्षी हजारोंनी तिथं भांडत असतात. कलकलाट ऐकू आला की डावीकडे वळायचं, की आपली खाडी. चाळीस वर्षं तो असाच घरी येत होता.

मी यंत्र काढलं. “काका, याच्या मते आपण डोंगरावर आहोत.”

“मग हरणं दिसली तर सांग.”

त्यातला नकाशा जुना होता. किनारा भलतीकडेच काढलेला. मी ते खिशात टाकलं आणि काकाच्या वल्ह्याच्या आवाजामागे जात राहिलो.

बराच वेळ गेला. कलकलाट नाही. काकाचे विनोद थांबले, तेव्हा मला भीती वाटली. लाटा लांब व्हायला लागल्या होत्या. म्हणजे उघडा समुद्र.

“थांब,” काका म्हणाला. वल्हं आडवं धरून तो नुसता बसून राहिला. “मागून बारीक थाप येतेय. कड्यावर आपटून परतलेली लाट. तुझ्या बुडाला कळतेय का?”

“माझं बूड गारठलंय, काका.”

“कडा मागे राहिला. फिर.”

फिरलो. अर्ध्या तासानं कडा अचानक अंगावर आला. खडकावर विष्ठेचे पांढरे ओघळ, रिकामी घरटी. ऐन उन्हाळ्यात पक्षी एकही नाही. काका मान वर करून बघत राहिला. मग त्यानं घराकडे वल्हं मारलं.

धक्क्यावर बिबिआने उभी होती. “इतका उशीर?”

मी खोटं रचूनच आणलं होतं. “सीलच्या मागं जरा लांब…”

“वाट चुकलो, बाबा,” काका म्हणाला. “कडा ओलांडून गेलो. कळलंच नाही.”

त्यानं कयाकमध्ये बसताना घालायचा सीलच्या कातड्याचा ओला अंगरखा डोक्यावरून काढला, त्याची नीट घडी घातली आणि तो तिच्या हातात दिला.

“पण काका, तूच तर परत आणलंस,” मी म्हणालो.

“या खेपेला,” तो म्हणाला, आणि माझी कयाक ओढायला खाली वाकला.