क्रिस्टीना टीचरचा बाक

शाळेचं नाव सांगून उपयोग नाही, कारण पाटी सोडली तर तिथलं बाकी सगळं दर वर्षी बदलतं. नौपाड्यातली इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा, एवढं पुरे. मी तिथे मराठी शिकवते. एप्रिल आला की आमच्या स्टाफरूममध्ये निरोप समारंभ सुरू होतात. समोसा, वेफर्स, दोन भाषणं आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. घोडबंदर रोडला एखादी नवी शाळा निघते, जास्त पगार देते, वर ने-आण करायला एसी बस देते आणि आमचे शिक्षक घड्याळ काखेत मारून तिकडे जातात. ठाण्यातल्या निम्म्या हॉलमध्ये आमच्याच शाळेची घड्याळं टिकटिकत असतील. जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. फक्त समोशाच्या वासाचा मला आता मनापासून वीट आलाय.

प्रिन्सिपलही टिकत नाहीत. एकांनी आल्या आल्या मुलांच्या टायचा रंग बदलला. एका मॅडमनी वास्तुशास्त्रवाल्याला आणून केबिनचं दार दुसऱ्या भिंतीत काढलं आणि त्याला रंग देऊन होतोय तोवर त्याच दारातून त्या कायमच्या निघून गेल्या. येताना मात्र प्रत्येकजण सांगतो की ही शाळा म्हणजे एक कुटुंब आहे.

या सगळ्या ये-जा करणाऱ्यांत जागची न हललेली एकच बाई, क्रिस्टीना घोन्साल्विस. माहेर उत्तनचं, मच्छीमारांच्या घरातलं. लग्न होऊन कोपरीत आली आणि तेव्हापासून रोज स्टेशनचा पूल ओलांडून चालत शाळेत येते. तिसरीला सगळे विषय शिकवते. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, मोठ्या फुलांचे ड्रेस आणि आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरून तिने एखाद्या मुलाला हाक मारली तर खालचा रिक्षावाला वळून बघतो. शिक्षिका म्हणून ती चांगलीच आहे, पण चांगल्या शिक्षिका मी पुष्कळ बघितल्यात. तिच्यासारखं माणूस दुसरं बघितलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मी नोकरीला लागले तेव्हा माझा पहिलाच तास आठवीवर होता. त्या वर्गाने आधीच्या बाईंना रडवून घालवलं होतं, ही आनंदाची बातमी मला शिपायाने दिली. मी जिना चढत होते तर ही बाई मध्येच आडवी आली आणि ओळखदेख नसताना विचारलं, "काय गो, तुला सगळ्यात चांगलं काय येतं? पुस्तकातलं नको सांगू."

मी इतकी घाबरलेली होते की खरं तेच बोलून गेले. म्हटलं, आमच्या कोकणातल्या आजोळच्या भुताखेतांच्या गोष्टी येतात. तिने मान डोलावली, माझ्या मागोमाग वर्गात आली आणि शेवटच्या बाकावर दोन दांडग्या मुलांच्या मध्ये जाऊन बसली. मी फळ्याकडे वळले तशी कुजबुज सुरू झाली, मग खिदळणं, मग बाकांवर ठेका. माझ्या हातातला खडू घामाने ओला झाला. आता आपण रडणार असं वाटत असताना मागून एक हात वर गेला. "टीचर," क्रिस्टीना एखाद्या मुलीच्या गंभीरपणे म्हणाली, "कोकणातल्या भुताचे पाय खरंच उलटे असतात का?"

मी सांगायला लागले. घंटा झाली तेव्हा वर्ग तोंडाचा आ करून ऐकत होता. पुढे त्या मुलांनी मला कधी त्रास दिला नाही. व्याकरणसुद्धा शिकली बिचारी.

हळूहळू कळलं की ती हे प्रत्येक नव्या शिक्षकासाठी करते. आम्ही मोकळ्या तासाला चहा पितो, ही तो तास दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर घालवते. आधी जिन्यात गाठून त्या माणसाला काय येतं ते विचारून घ्यायचं, मग मागे बसायचं आणि तो बुडायला लागला की हात वर करायचा. विज्ञानाच्या एका सरांना तिने पतंगाबद्दल विचारलं होतं, चित्रकलेच्या बाईंना मासा ताजा कसा ओळखायचा ते. यातले बहुतेकजण यथावकाश घड्याळ घेऊन गेले. तरी पुढच्या जूनमध्ये ही जिन्यात हजर. एकदा मी वैतागून म्हटलं, ही माणसं राहणार नाहीत हे दिसत असताना तू कशाला जीव टाकतेस? तर म्हणाली, "मुलं तर इथेच राहतात ना." आणि एक अट होती. हे कुणापाशी बोलायचं नाही. प्रश्न ठरवून विचारलेला असतो हे मुलांना कळलं, तर त्या शिक्षकाची वर्गात काय किंमत राहील, असं तिचं म्हणणं होतं.

गेल्या दिवाळीनंतर सिद्धेश राणे आमचे प्रिन्सिपल झाले. पस्तिशीचे, कडक इस्त्रीचे, बीएस्सीवर मॅनेजमेंटची पदवी घेतलेले. दोन शाळांमध्ये त्यांनी म्हणे शिस्त आणली होती. त्यांच्या केबिनमध्ये मोठा स्क्रीन लागला आणि त्यावर सगळ्या वर्गांचे कॅमेरे दिसायला लागले. चित्र दिसतं, आवाज नाही.

एके दिवशी त्यांनी क्रिस्टीनाला बोलावून घेतलं. मी प्रश्नपत्रिका द्यायला नेमकी तिथेच होते आणि मला बाहेर जा म्हणायचं त्यांना सुचलं नाही. भूगोल शिकवायला नवीनच लागलेली मुलगी पाचवीवर अडखळत होती आणि तेवढ्यात एक जुनी शिक्षिका मुलांत बसून हात वर करून तिला काहीतरी विचारत होती, हे त्यांनी स्क्रीनवर बघितलं होतं. मग त्या मुलीला विचारलं. ती भेदरून फक्त एवढंच म्हणाली की हो, त्या मागे बसतात आणि प्रश्न विचारतात. सरांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. जुनी खोडं नव्या माणसाची परीक्षा घेतात, म्हणून इथे कुणी टिकत नाही.

"माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "इथे ठाण्यात खोपट डेपोला येईपर्यंत त्यांच्या बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक बदलीला माझी शाळा बदलली. नवीन माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडलं की काय होतं, ते मला माहीत आहे, टीचर."

क्रिस्टीना त्यांच्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखली. जिन्यात तिने माझ्याकडे असंच बघितलं होतं. वर्गात बसणं त्या क्षणापासून बंद आणि पुढच्या सोमवारपासून तिने आमच्याच ट्रस्टच्या कल्याणच्या बालवाडीत जायचं, असं त्यांनी सांगितलं. ती फक्त "बरं, सर" म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर डाफरले. तू सांगत का नाहीस? नाहीतर मी सांगते. तिने माझा दंड धरला.

"तू काही बोलायचं नाहीस, रसिका. सर त्या पोरीला परत बोलावणार, ती रडणार, दोन दिवसांत मुलांना कळणार. मी कल्याणला जाईन. तिला इथेच शिकवायचंय."

मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. स्वतःची जागा जात असताना एवढं सरळ बघता येतं माणसाला, हे मी तोवर फक्त ऐकलेलं होतं.

त्याच आठवड्यात नववी ब ला गणिताचे नवे सर आले, सूरज नावाचे, अगदी पोरसवदा. नववी ब ने त्या वर्षी गणिताचे दोन शिक्षक आधीच पळवून लावले होते. क्रिस्टीना त्यांना जिन्यात भेटली, पण मागे बसू शकत नव्हती. पोराने दोन-तीन दिवस काढले. मग एका मधल्या सुट्टीत तो गेला तो आलाच नाही. डबा टेबलावर तसाच राहिला.

पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटले आणि शनिवारी सभा बोलवावी लागली. क्रिस्टीनाचा तो शाळेतला शेवटचा दिवस होता. हॉल खचाखच भरला. सरांनी प्रोजेक्टर लावून शाळेचं पुढचं धोरण दाखवायला सुरुवात केली, तसे काळुराम पाटील उभे राहिले. त्यांची मुलगी नववी ब मध्ये आहे. "ती चित्रं ठेवा बाजूला," ते म्हणाले. "सर, तुम्ही पण कधी जाणार आहात तेवढं आत्ताच सांगून टाका."

लोक हसले. कुणीतरी खुर्चीच्या पाठीवर थापा मारल्या, मग बऱ्याचजणांनी मारल्या. व्यासपीठावरचे ट्रस्टी छताचे पंखे न्याहाळत होते. सर रिमोटचं बटण उगाच दाबत राहिले. तो ठेका मला ओळखीचा होता. आणि मागच्या भिंतीलगतच्या शेवटच्या खुर्चीवरून एक हात वर गेला.

"सर," तिचा तो आवाज अख्ख्या हॉलवरून गेला, "तुम्ही लहानपणी पुष्कळ शाळा बदलल्यात. नवीन वर्गात पहिल्या दिवशी कसं वाटतं?"

थापा थांबल्या.  सरांनी प्रोजेक्टर बंद केला आणि सांगायला लागले. वडिलांच्या बदल्या सांगितल्या, दर वेळी मिळणारा कोपऱ्यातला बाक सांगितला. एकट्याने डबा खाताना कुणी बघू नये म्हणून नळापाशी जाऊन कसा खायचे तेही सांगितलं. "एका शाळेत मात्र एका मुलाने मला वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, तुझे बाबा घाटात गाडी थांबवतात तेव्हा ती मागे कशी येत नाही? मला ते येत होतं. मी उठून सांगितलं. तेव्हापासून ती शाळा मला माझी..."

ते मध्येच थांबले. क्रिस्टीनाचा हात अजून अर्धवट वर होता आणि ते त्या हाताकडे बघत राहिले. हॉलमध्ये कुणालाच कळलं नाही की काय झालं. मला कळलं. ज्या माणसाने तिला हाकललं त्याच्यासाठीही ती शेवटच्या रांगेत येऊन बसली होती.

"शिक्षक जाणारच नाहीत, असं वचन मी देऊ शकत नाही," सर शेवटी म्हणाले. "पण शिक्षक मिळेपर्यंत नववी ब ला गणित मी शिकवेन. सोमवारपासून." काळुराम पाटील खाली बसले. बसताना म्हणाले, बरं, बघू.

सभा संपल्यावर आम्ही खुर्च्या एकावर एक ठेवत होतो. सर आमच्याकडे आले.

"टीचर, स्क्रीनवर मी हेच बघितलं होतं ना?"

ती खुर्ची ठेवून म्हणाली, "स्क्रीनवर आवाज नसतो, सर."

"सोमवारी माझा नववी ब वर पहिला तास आहे."

"सोमवारी मी कल्याणला आहे."

"नाही," ते म्हणाले. एवढा कडक इस्त्रीचा माणूस, पण त्याला पुढचं वाक्य नीट बोलता येईना. "तुम्ही... मागे बसाल का?"

सोमवारी माझा तास शेजारच्याच वर्गावर होता. मी माझ्या मुलांना वाचायला लावलं आणि पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. नववी ब मध्ये कुजबुज सुरू झालेली ऐकू येत होती. सरांची पाठ मला दिसत होती आणि घामाने चिकटलेला शर्टही. शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी, मोठ्या फुलांचा ड्रेस होता.

ठेका सुरू व्हायच्या आत हात वर गेला.

"सर, एसटी घाट सरळ का चढत नाही? एवढी वळणं कशाला घेते?"

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर आधी डोंगर काढला.