गाडीतला नवा टेप

आमच्याकडे गाडीतल्या त्या यंत्राला अजून टेपच म्हणतात. कॅसेट गेली, सीडी गेली, पेन ड्राइव्हही जायच्या वाटेवर आहे, तरी टेपच. तर गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या जुन्या गाडीतला टेप बिघडला. गाणं लावलं की नुसती खरखर. मी चिडून त्याला एक बुक्की घातली, तर होती ती खरखरही बंद झाली.

दुसऱ्या कुणाचं टेपवाचून अडलं नसतं. माझं अडलं, कारण दर महिन्याला माझ्या शेजारच्या सीटवर आबा बसतात. आबा म्हणजे माझे वडील, तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. तोफांनी त्यांचे कान खाल्ले. कानाला लावायचं मशीन मिळालंय, पण "शिट्टी वाजती त्यात" म्हणून ते कपाटातच पडून असतं. महिन्यातून एकदा सांगलीहून साताऱ्याला जायचं, मिलिटरी कँटीनमधून सामान आणायचं, जुन्या दोस्तांना भेटायचं, हा त्यांचा नेम. आणि वाटेत प्रश्न. ह्यो ऊस कुणाचा, ह्यो पूल कवा झाला, कारखान्याचं धुराडं का बंद हाय. प्रत्येक उत्तर मी बोंबलून द्यायचं. कराड येईपर्यंत माझा घसा बसलेला असायचा. टेप मोठ्यानं लावला की मात्र ते गुडघ्यावर ठेका धरून गप्प बसत. म्हणजे खरं सांगायचं तर बापाशी बोलावं लागू नये म्हणून मला टेप हवा होता. लाज वाटते, पण तसंच होतं.

आई गेल्यापासून आबा माझ्याकडे सांगलीत. विट्याजवळच्या गावातलं घर कुलूप लावून ठेवलंय. धाकटा भाऊ तमिळनाडूत; आमच्या भागातल्या कितीतरी जणांसारखं त्याचंही सोनं गाळायचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वर बिऱ्हाड. सहा महिने मी, सहा महिने तू, असं आईच्या दिवसकार्यालाच ठरलं होतं. पण त्याची पाळी काही यायची नाही. कधी मुलीची परीक्षा, कधी बायकोचं दुखणं. फोनवर आमची जुंपायची. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की यातलं काहीही आबांना कळता कामा नये. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडले, त्याला आपण दोन्ही घरांत नकोसे झालोय हे कळलं तर तो उभ्या उभ्या मोडेल.

आणि ही काळजी आम्ही कशी घ्यायचो? तर त्यांच्यासमोरच भांडायचो! आबा ताटावर बसलेले, मी शेजारी फोनवर भावाशी हुज्जत घालतोय, चेहरा तेवढा हसरा ठेवलेला. बायको डोळे मोठे करायची. मी म्हणायचो, "अगं, त्यांना कुठं ऐकू येतंय?" हळूहळू घरात सगळ्यांनाच ही सवय लागली. बहिऱ्या माणसासमोर काहीही बोलावं.

टेप घ्यायला सांगलीतल्या एका दुकानात गेलो. जाण्याआधी मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले होते की मुलगी म्हणाली, पप्पा आता दुकानच काढा. दुकानदारानं पुढ्यात पडद्याचे टेप मांडले. एक टीव्हीएवढा, त्यात सगळंच, किंमत ऐकून मी तो उलटा ठेवला. एक अगदी स्वस्तातला, त्याला बोट लावलं की जरा विचार करून मग तो हलायचा. मधला मला पटला. फोन वायरनं जोडला की नकाशा, गाणी, आलेला फोन, सगळं पडद्यावर. वायरशिवाय चालणारा महाग होता. वायर लावायला काय हात मोडलेत का माझे?

"डॅशबोर्ड कापायला लागंल का?" मी विचारलं.

"न्हाई ओ. फ्रेम मिळती तुमच्या गाडीची. पुढच्या दारातले स्पीकर तेवढे बदला, फाटल्यात."

ते बदलले. आबांच्या सीटशेजारचा मुद्दाम चांगला घेतला, त्यांना ठेका कळावा म्हणून. मग तो म्हणाला, "वरनं एक वेगळा माईक घ्या, तुमच्या डोक्यावर लावून देतो. सेटमधला माईक काय कामाचा न्हाई, फोनवर समोरच्याला ऐकू जात न्हाई."

"फोनवर कोण बोलतंय गाडीत? गाणी ऐकायचीत आमाला," असं म्हणून मी तो माईक त्याच्याकडे परत सरकवला. कसला पैसे वाचवल्याचा आनंद झाला होता मला!

त्या महिन्यात साताऱ्याला निघालो. टेप झकास वाजत होता, आबा ठेका धरून खूश. पेठ नाक्याला हायवेला लागलो आणि गाणं थांबून पडद्यावर भावाचं नाव आलं. मी हिरवं बटण दाबलं.

"दादा, दिवाळीनंतरचं काय जमंना बघ," त्याचा आवाज गाडीभर घुमला. "वरच्या खोलीत ॲसिडचा वास येतोय, तिथं म्हाताऱ्याला कुठं ठेवू?"

मी काहीतरी म्हणालो. तो म्हणाला, "आं? ऐकू येईना, मोठ्यानं बोल."

मी आवाज चढवला. परत, "काय? मोठ्यानं!" मग माझं टाळकं सटकलं.

"घेऊन जा म्हणतोय त्यांना एकदाचं!" मी ओरडलो. "कटाळलोय मी! जेवताना वरडा, टीव्हीपुढं वरडा, गाडीत वरडा! माज्याच्यानं आता हे ओझं व्हत न्हाई!"

"मग गावाकडं नेऊन टाक की," तो म्हणाला. "भाकरीला एखादी बाई बघू." आणि फोन ठेवला. लगेच गाणं पुढं सुरू झालं.

मी आबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. गुडघ्यावरची बोटं थांबली होती. मी गाणं बंद केलं. वाठार गेलं, कराड गेलं, कोयनेचा पूल गेला. एकाही उसाचा मालक त्यांनी विचारला नाही. मी गाणं बंद केलं.

उंब्रजच्या जवळपास ते म्हणाले, "धाकट्याचा आवाज बसलाय. बारीक झालाय का रं त्यो?"

"आबा, तुमाला ऐकू आलं?" माझ्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही. तेच मला पुन्हा ओरडून विचारावं लागलं. असला प्रश्न बापाला ओरडून विचारण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"व्हय," ते म्हणाले. "तुजं तर येतंच. त्याचं बी आलं आज. लय वर्सांनी आलं, सपष्ट. परत लाव की."

"आबा, नको आता..."

"लाव रं."

मी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. मला वाटलं, आता हे त्याला फैलावर घेतील, मला घेतील. घ्यावं, असंच मला वाटत होतं. भावानं उचलला. "आता काय झालं दादा? म्हाताऱ्याचं ठरलं न्हवं?"

आबा पडद्यावर वाकले. "म्हातारा बरा हाय रं. तू जेवलास का?"

आबा मला म्हणाले, "कट झाला का?" कट झाला नव्हता. तिकडे दुकानातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मग भाऊ "आबा" म्हणाला, तेवढंच. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो. भावाला निदान आबांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. मी तर हाताच्या अंतरावर होतो.

साताऱ्यात कँटीनच्या रांगेत त्यांचे एक जुने दोस्त भेटले, तेही तोफखान्यातले. दोघांचेही कान गेलेले, त्यामुळं त्यांचं बोलणं सगळ्या रांगेला ऐकू जातं.

"सध्या कुणाकडं असताय सुभेदार?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. मी पिशवी घेऊन आबांच्या मागेच उभा होतो. रांगेतली माणसं उगाचच आमच्याकडे बघायला लागली.

"काय सांगू गड्या," आबा त्याहून मोठ्यानं म्हणाले. "दोगं बी पोरं सोडाय तयार न्हाईत. आज गाडीत बी फोनवर भांडत हुती, माज्याकडं ऱ्हावा म्हणून."