सारख्या डोक्याचे दोन बोल्ट

पुण्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं ट्रॅक्टरची इंजिनं आखली. आखली म्हणजे काय, तर एक साधं इंजिन आणि दोन टर्बोवाली, अशा तिन्ही भावंडांना होता होईल तितके सुटे भाग सारखे द्यायचे. तेच पिस्टन, तेच व्हॉल्व्ह, तेच बोल्ट. यादीतून एखादा भाग कमी झाला, की मुक्कामाचे पाहुणे परत गेल्यासारखं मला हलकं वाटायचं.

साखरखेर्ड्याला माझ्या सख्ख्या मामांचं गॅरेज आहे. शिक्षण सातवी, पण इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगणारा माणूस. त्यांची एक सवय होती. इंजिन खोललं, की निघालेला प्रत्येक बोल्ट निघाला त्याच क्रमानं ते तारेत ओवायचे. एका भागाचे बोल्ट संपले की तारेला पीळ, मग पुढचा भाग. बांधायच्या वेळी तीच तार उलटी सोडत जायचं. यात वेळ फार जायचा. गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं, की मामा म्हणायचे, "ज्याचं घर त्यालेच भेटलं पाह्यजे ना भाऊ!"

एकदा सुट्टीवर आलो असताना मी त्यांची टर उडवली.

"मामा, इंजिनाले हार घालून राह्यले का? आता सारे बोल्ट सारखेच केले आम्ही. एका ट्रेमधी धुवा अन् कोणताही कुठंही लावा."

"खरं सांगून राह्यला का बे?"

"म्याच केले ना मामा!"

त्यांनी तार सोडली. भाच्याचा शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ. कोणी विचारलं तर छाती फुगवून सांगायचे, "माह्या भाच्यानं बंद करायले लावलं. तोच बनवते हे इंजिनं."

मी सांगितलं ते जवळजवळ खरं होतं. घोडं अडलं होतं दोन बोल्टांपाशी. दोन्ही आतून पोकळ, कारण त्यांच्यातून तेल जातं. वर व्हॉल्व्हकडे तेल नेणाऱ्या बोल्टाचं भोक बारीक, टर्बोकडे नेणाऱ्याचं मोठं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. त्याला तेल कमी पडलं, की तो जळालाच म्हणून समजा. बाहेरून मात्र दोन्ही बोल्ट जुळे भाऊ. तेच डोकं, तीच लांबी, तेच आटे, सतराचाच पाना. हे मला पक्कं माहीत होतं. मामांसमोर फुशारकी मारताना ते तेवढं आठवलं नाही.

त्याच वर्षी सोयाबीनच्या तोंडावर बीबी गावाच्या रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याचा टर्बोवाला ट्रॅक्टर मामांनी बांधून दिला. तिसऱ्या दिवशी मळणी चालू असताना टर्बो जाम झाला. मामांनी नवा आणून बसवला, तोही जळाला. या घोळात पाऊस आला आणि अर्धी सुडी, म्हणजे कापून रचलेला सोयाबीनचा ढीग, भिजून काळी पडली. शेवटी मेहकरहून शोरूमचा मेकॅनिक आला. त्यानं अदलाबदल झालेले दोन्ही बोल्ट काढून तळहातावर धरले आणि चार लोकांसमोर म्हणाला, "मिस्त्री, लावायच्या आधी भोक तरी पाहा लागते." शेतकरी शिव्या देता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुमच्या भरवशावर होतो, मिस्त्री."

मामांनी त्यानंतर एकही इंजिन खोललं नाही. फवारणीचे पंप दुरुस्त करतात, पंक्चर काढतात.

दिवाळीत मी गेलो, तेव्हा त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. ते दोन बोल्ट त्यांनी जपून ठेवले होते. "एक सांग. हे दोन्ही तं एकसारखेच दिसतेत. मंग चुकलो का मी?"

हे बोल्ट मी आखले होते. आखणीच्या बैठकीत आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली होती, "सर, एकाच्या डोक्यावर खाच पाडू या का? हाताला कळेल." मी म्हणालो होतो, "आपण भाग कमी करायला बसलोय, खुणा वाढवायला नाही." सगळे हसले, आणि माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं. हे सगळं जिभेवर आलं आणि मी म्हणालो, "पुस्तकात लिहिलेलं असते मामा. वाचा लागते." मामांनी मान हलवली आणि बोल्ट चिंधीत गुंडाळून ठेवले. इतकं हलकट मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

पुढे इतर ठिकाणांहूनही तशाच तक्रारी आल्या आणि कारखान्यानं खाच पाडली. त्या बदलाच्या कागदावर सुचवणारा म्हणून नाव माझं लागलं. तेही मी लागू दिलं.

दोन वर्षांपूर्वी मात्र राहवेना. खास तेवढ्यासाठी गेलो आणि मामांसमोर बसून सगळं सांगितलं. खूण नको म्हणणारा मीच, तार सोडायला लावणाराही मीच. मामा एका ट्यूबला ठिगळ लावत होते. हातातलं काम त्यांनी पूर्ण केलं, ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली आणि मग विचारलं, "त्या दिवशी काऊन नाही बोलला बे?"

मी म्हणालो, "चुकलो मामा. माफ करा."

"मले कायची माफी मागतं?" ते शांतपणे म्हणाले. "तू माह्या बहिणीचा पोरगा. तुले म्या कवाच माफ केलं. पण तो माणूस अजून रस्त्यानं माह्याकडं न पाहता जाते. त्याले सांग जाऊन."

मी हो म्हणालो. त्याचं शेत मामांच्या शेडपासून मोटारसायकलवर पंधरा-वीस मिनिटांवर आहे. त्यानंतर मी साखरखेर्ड्याला सहा-सात वेळा जाऊन आलो. मामा विचारत नाहीत. चहा येईपर्यंत माझ्याकडे नुसते पाहतात आणि मग सोयाबीनच्या भावाचं काहीतरी बोलायला लागतात.