आधी स्वतःसाठी

बायबलमधल्या याजकांबद्दल मला कधीच फारसा आदर वाटला नाही. एकाने लोकांकडून सोनं गोळा करून वासरू घडवलं आणि जाब विचारल्यावर सांगितलं, सोनं विस्तवात टाकलं, वासरू आपोआप बाहेर आलं. दुसऱ्याची पोरं देवासाठी शिजत असलेल्या मांसात काटा खुपसून आधी आपली सोय बघायची. देव ही माणसं पुरती ओळखून असणार. म्हणून त्याने नियमच घालून दिला, की याजकाने आधी स्वतःच्या पापासाठी बळी द्यावा, मग लोकांच्या.

आमच्या चर्चचे पाळक याच खानदानातले. वाटूरजवळच्या आमच्या गावात शेजाऱ्यांनी नवसाची कंदुरी केली. दर्ग्यावर बकरं कापलं, सगळ्यांना जेवायला बोलावलं. आई शेजारधर्म म्हणून गेली, दोन घास खाऊन आली. पाळकांनी भर उपासनेत जाहीर केलं, की परक्या वेदीचं मांस खाणाऱ्याला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या नावाने वाटली जाणारी भाकरी, मिळणार नाही. तेव्हापासून भाकरीचं ताट आईला वगळून पुढे जायचं. ती रडली नाही. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळपासून तिला अन्न जायचं नाही. मला त्या माणसाचा भयंकर राग होता.

पुढे एका मित्राबरोबर कुंभार पिंपळगावकडे कंदुरीला गेलो. पंगतीत समोर कोण, तर आमचे पाळक. बाह्या सारून, रश्शात भाकर कुस्करून, वाढप्याकडे नळीचं हाड मागत होते. मला बघून म्हणाले, येशूची सुवार्ता सांगायला आलोय. सुवार्ता बहुतेक नळीत अडकली होती.

घरी येऊन आईला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की पोटभर जेवले ना ते. मला तिचाही राग आला.

पुढच्या प्रभुभोजनाला, त्या बंदीनंतर प्रथमच, ताट आईसमोर थांबलं. मी तोंड उघडेन ही धास्ती असणार, दुसरं काय. पाळकांनी माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "घ्या, मावशी."

आईने हात पुढे केला नाही.

"पाळकसाहेब, आधी तुमच्यासाठी क्षमा मागा," ती म्हणाली. "मंग मी घेते."

सगळी मंडळी ऐकत होती. पाळक ताट धरून तसेच उभे राहिले. आई सकाळपासून उपाशी होती, पण तिला कसलीच घाई नव्हती.