पुराला दारं काढणारं घर

आमचं घर प्रवरेच्या काठाला, मातीचं. पूर आला की एखादी भिंत बसायचीच. वडील गवंडी. संगमनेरातली कितीतरी घरं त्यांनी दुरुस्त केली, पण आपल्या घराला दगड काही जमला नाही. लढाईच्या वर्षांत तर कामच मिळेना. आई ज्वारीच्या कण्या शिजवायची आणि वाढताना भांड्यात किती उरलंय ते बघायची नाही.

आमच्या वरच्या अंगाला ते घर होतं. खाली सात दगडी कमानी, त्यांवर दोन मजले. कमानींना फळ्यांची दारं. पूर येतोय म्हटलं की सगळं गाव दारं लावायचं. त्या घरातली माणसं दारं काढून माडीवर नेऊन ठेवायची. नदी एका बाजूनं शिरायची, दुसऱ्या बाजूनं निघून जायची. चार पिढ्यांत घराचा एक चिरा हलला नव्हता.

त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. एका पुरात आम्ही देवळाच्या ओट्यावर भिजत उभे होतो आणि ती सज्जात पाय सोडून शेंगा खात होती. वरून ओरडली, "अगं, तुमची परात चालली बघ!" सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली, त्याचा जास्त राग आला. त्या दिवसापासून मला ते घर पडायला हवं होतं. तिच्या रिबिनींचा हेवा वाटायचा, अक्षराचा वाटायचा. पण घराचा वाटला तेवढा कशाचाच नाही.

मी शिकले तेही त्याच ईर्ष्येनं. याहून चांगलं कारण सांगता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. शाळेतल्या बाईंनी फी माफ करवून पुण्याच्या कॉलेजात धाडलं. आमच्यात सही करणारंही कोणी नव्हतं, मी बी. ए. झाले. त्या मुलीचं मॅट्रिकच्या आधीच लग्न झालं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

निकाल घेऊन घरी आले तेव्हा वडिलांना काम मिळालं होतं. त्या घराच्या मालकांना धान्याला गोदाम हवं होतं. सातही कमानी विटांनी बुजवायच्या होत्या. वडील मात्र नुसती भाकरी चिवडत बसलेले.

"खांबांची तोंडं बघितलीस का? नदीच्या अंगाला नांगराच्या फाळावानी हायती. पानी चिरून जातं. कमानी बुजवल्या तर पानी भिंतीला रेटंल. एका पुरात जाईल समदं."

"मग सांगा ना त्यांना, आबा."

"सांगितलं. म्हनले, 'गवंडी, तू विटा लाव, अक्कल लावू नको.' तू लिहून दे. शिकलेल्याचं ऐकत्याल."

"लिहिते," मी म्हणाले, आणि चार दिवस कागदाला हात लावला नाही. विटा येऊन पडल्या. जाऊ दे ते घर एकदाचं, असं मनात चाललं होतं.

पाचव्या दिवशी वडिलांनी गवंडीकामाची थापी आईच्या हातात दिली. "मी न्हाई जात. त्यांना दुसरा गवंडी बघू द्या."

घरात पीठ नव्हतं, आणि हा माणूस परक्याच्या घरापायी काम सोडत होता. आमच्या घराकडं त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं. त्या घराचा हेवा आता दुप्पट झाला. पण आईच्या हातातली थापी बघवेना. मी दोरी घेतली, म्हटलं, "चला, मोजू."

एकेक कमान, एकेक खांब मोजला. वडील सांगत गेले, मी लिहीत गेले. कागद घेऊन दोघं मालकांकडं गेलो. ती मुलगी माहेरी आली होती.

"आमच्या घराचं तुला गं एवढं काय?"

"माझ्या बापाला जेवढं ठाऊक आहे तेवढं तुम्हा कुणालाच नाही म्हणून."

ती रागावली नाही. कागद घेतले आणि मालकांना वाचून दाखवले. माझ्यापेक्षा स्पष्ट वाचत होती. तेही मला खटकलंच. मालकांनी कागद मागून घेतले. मग म्हणाले, "गवंडी, हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं हुतं, मालक. तवा कागूद नव्हता."

कमानी बुजवल्या नाहीत. गोदाम मागं उंचावर झालं, ते वडिलांनीच बांधलं. पुढं जुन्या इमारतींची पाहणी करणारे साहेब आले, तेव्हा त्या घराविषयी लिहिलेलं दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी माझेच कागद उतरवून घेतले. घराची नोंद झाली, आणि त्या नोंदीत माहिती देणारा म्हणून माझ्या वडिलांचं नाव आहे.