वाढत्या अंगाचा फ्रॉक

काल वसईच्या बाजारात एक बाई नाताळसाठी लेकीच्या मापापेक्षा मोठा फ्रॉक निवडत होती. मला आई आठवली. पैसे वाचावेत म्हणून ती आमच्या नाताळच्या भेटी मे महिन्यातल्या सेलमध्येच घ्यायची, डिसेंबरपर्यंत आम्ही किती वाढू याचा अंदाज बांधून. एका वर्षी मला टायफॉइड झाला आणि मी वाढायची सोडून वाळले. नाताळच्या आदल्या दिवशी निळा फ्रॉक अंगात घातला, तर तो खांद्यावरून घसरायला लागला. आई सुईदोरा घेऊन बसली.

"मग पुढच्या वर्षी तो मला होणार नाही," मी रडवेली होऊन म्हणाले.

"होईल की. मी कापड कापलं नाहीये, आत दुमडलंय."

आजारपणानंतर पहिल्यांदाच मला वाटलं, आपण खरंच बऱ्या होणार.