हॉकीवाल्यांची दातांची डॉक्टर

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मला मिशिगनमध्ये दातांची डॉक्टर म्हणून पहिली नोकरी लागली. बीडीएस मी मुंबईला केलं होतं, पण इथे ते चालत नव्हतं. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, राहायला आम्ही नोव्हाय नावाच्या गावात. मी पुन्हा कॉलेजात गेले, माझ्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून शिकले, परीक्षा दिल्या आणि लायसन्स मिळवलं. त्यानंतर बरेच दिवस कोणी काम देईना. शेवटी तासाभराच्या अंतरावरच्या एका गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी बोलावलं.

त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. रक्त बघून घाबरत नाही ना, ही पहिली. दुसरी, हॉकी माहीत आहे का. मी म्हटलं, माझं सगळं लहानपण हॉकी बघण्यात गेलंय. आणि ते खरंच होतं. मी खडकीची. वडील लष्कराच्या हिशेब खात्यात होते आणि फौजी संघांचे सामने बघायला मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. डॉक्टर एकदम खूश झाले आणि त्यांनी मला सोमवारपासून यायला सांगितलं. ते बर्फावरच्या हॉकीबद्दल विचारत होते आणि मी गवतावरच्या हॉकीबद्दल सांगत होते, हे आम्हा दोघांनाही त्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी कळलं.

त्या गावाचा एक व्यावसायिक संघ होता. मोठ्या लीगचा नव्हे, त्याच्या खालच्या पायरीवरचा. पगार बेताचा, प्रवास बसने, आणि प्रत्येक खेळाडूच्या डोक्यात एकच विचार, की एक दिवस वरून बोलावणं येईल. गावात सामना असला की एक दातांचा डॉक्टर हजर लागायचा, आणि हे काम आमच्या डॉक्टरांकडे होतं. आता गुडघ्यांमुळे त्यांना सारखं जिन्याने खालीवर करवत नव्हतं. मला घेण्यामागचं खरं कारण हे होतं.

पहिल्या सामन्याला मी दोन स्वेटर घालून, थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. खेळाचा वेग इतका, की ती रबराची काळी चकती मला अर्धा वेळ दिसतच नव्हती. मैदानाभोवतीच्या काचेवर माणसं धाडकन आदळत होती आणि माझ्या आजूबाजूच्या बायका शांतपणे पॉपकॉर्न खात होत्या. मग खेळाडूंच्या खालच्या खोलीतून बोलावणं आलं. एक उंच बचावपटू दारात उभा होता. त्याच्या तोंडावर स्टिक बसली होती. त्याने हातमोजा काढला आणि माझ्या तळहातावर स्वतःचा एक दात ठेवला. दुसरा अर्धा तुटून लोंबत होता. मी त्याला खुर्चीवर आडवं व्हायला सांगितलं, तर म्हणाला, आडवं व्हायला वेळ नाही, अजून खेळायचंय. उभ्याउभ्याच मी भूल दिली, तुकडा काढला, ओठाला टाके घातले. तो "थँक यू, मॅम" म्हणून परत बर्फावर गेला. मी मात्र नंतर बराच वेळ बसून होते. डॉक्टर म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. घाबरलात ते त्याला दिसलं नाही."

पुढे त्या उंच बचावपटूला मी पुढच्या दातांची काढता-घालता येणारी कवळी करून दिली. तो कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, गव्हाच्या शेतांमधल्या एका गावचा होता. तिथे म्हणे हिवाळ्यात बाप अंगणात पाणी सोडायचा आणि सकाळपर्यंत मुलांसाठी मैदान तयार व्हायचं. संघातल्या जवळपास सगळ्यांची कहाणी अशीच. सामना सुरू व्हायच्या आधी डॉक्टर माहितीपुस्तिका उघडून मला खेळाडूंची जन्मगावं वाचून दाखवत. स्वतः ते कॅनडातच, ऑन्टारिओत जन्मलेले, सरहद्दीवरची नदी ओलांडून इकडे येऊन स्थायिक झालेले. चाळीस वर्षं अमेरिकेत काढली तरी त्या वेळी ते अमेरिकन वाटत नसत. मूस जॉ, मेडिसिन हॅट, थंडर बे. ही नावं ते अशा मायेने घ्यायचे, जसे माझे वडील कऱ्हाड-साताऱ्याची घेत. वाचून झालं की पुस्तिका मिटून म्हणायचे, "सगळी आपली मुलं. अमेरिकेचं काम फक्त तिकिटं काढायचं."

मग हळूहळू त्यांच्या वाचनात अडखळायच्या जागा येऊ लागल्या. आधी अमेरिकेतल्याच मिनेसोटाचा एक मुलगा आला. मग कॉलेजात शिकलेले दोघे, त्यातला एक तर इथलाच, मिशिगनचा. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, मिनेसोटात थंडी असते. त्यानंतर एक फिनलंडचा आला, त्याच्या तोंडात सगळे दात जागच्या जागी होते आणि तो दर सहा महिन्यांनी आपणहून तपासायला यायचा. याचं डॉक्टरांना फार आश्चर्य वाटलं. त्याच्या गावाचं नाव त्यांना वाचता येईना. पुस्तिका माझ्याकडे देत म्हणाले, तुम्ही वाचा, तुम्हाला बाहेरच्या भाषा येतात. मला मराठी येत होती. फिनलंडच्या गावाचं मी तरी काय करणार होते.

वरच्या लीगमध्येही हेच चाललं होतं. तिथे कॅनडाची मुलं अजून सर्वांत जास्त होती, पण पूर्वीसारखी सगळी जागा त्यांचीच राहिली नव्हती. अमेरिकन वाढले होते, स्वीडनचे स्थिरावले होते. डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन जेवायच्या सुट्टीत मला हे समजावून सांगत आणि सूर असा असायचा की घरातलं कोणीतरी आजारी आहे. मी ऐकून घ्यायची, कारण हा सूर माझ्या ओळखीचा होता.

त्यातल्याच एका हिवाळ्यात माझे वडील आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. नोव्हायला सगळीकडे बर्फ, नवरा आणि मी कामावर, मुलगी शाळेत. बिचारे दिवसभर खिडकीशी बसायचे. एका शनिवारी मी म्हटलं, "बाबा, चला, तुम्हाला हॉकी दाखवते." ते नको नको म्हणत होते, पण नवऱ्याचा जाड कोट आणि माकडटोपी घालून आले. मी त्यांना डॉक्टरांच्या शेजारी बसवलं आणि खालच्या खोलीत गेले.

वर आले तेव्हा दोघे म्हातारे सामना सोडून एकमेकांशी बोलत होते. वडिलांचं इंग्रजी कचेरीतलं, नेटकं, पूर्ण वाक्यांचं. ते सांगत होते की एकेकाळी हॉकीत आम्हाला कोणी हरवत नसे, खेळ आमचा होता. मग युरोपातल्या लोकांनी मैदानावरचं गवतच काढून टाकलं, खाली प्लास्टिकचं अंथरलं, आणि आमची मुलं मागे पडली. डॉक्टर मान हलवत होते. ते म्हणाले, आमचं बर्फ तरी अजून शिल्लक आहे. त्यानंतर वडील दर शनिवारी माझ्या आधी कोट घालून तयार असत. दोन म्हाताऱ्यांनी मिळून किती खेळांचं वाटोळं झालेलं आहे याचा हिशेब केला असेल कोण जाणे. पण घरी परतताना गाडीत वडील शीळ घालत असायचे. आई गेल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

त्याच हिवाळ्यात संघात एक चेक मुलगा आला. पश्चिम जर्मनीत सामने खेळायला म्हणून गेला आणि आपल्या कम्युनिस्ट राजवटीतल्या देशात परत गेलाच नाही. त्यामुळे घरी जायची सोय नव्हती. आईवडिलांशी बोलणंही जपून. इंग्रजी मोजकंच. तोही बचावपटू, म्हणजे आमच्या उंच बचावपटूच्याच जागेवरचा. खेळाडूंच्या खोलीत काही जण त्याच्याशी बोलत नसत. कॅनडाच्या एका मुलाची जागा याने खाल्ली, असं उघड म्हणायचे. उंच बचावपटूही त्यात होता, हे मला ठाऊक होतं. माझ्याच खुर्चीत बसून तो एकदा तसं बोलला होता.

एका मंगळवारी दुपारी तो त्या चेक मुलाला घेऊन दवाखान्यात आला. मुलाचा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता. कितीतरी दिवस दाढ ठणकत होती, पण दुखतंय म्हटलं तर संघातून काढतील या भीतीने त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सरावाच्या वेळी उंच बचावपटूच्या लक्षात आलं, आणि त्याने मुलाला गाडीत घालून आणलं. मुळाशी पू झाला होता. मी तो काढला, रूट कॅनाल सुरू केलं. मला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला माझी. उंच बचावपटू खुर्चीशेजारी उभा राहून त्याला हातवारे करून समजावत होता, की आता सुई, आता जरा दुखेल, आता झालं. स्वतःची कवळी काढून दाखवून त्याने त्याला हसवलंही. बाहेर सोफ्यावर माझे वडील बसले होते, त्या दिवशी मी त्यांना सोबत आणलं होतं. काम संपल्यावर त्यांनी डब्यातला मऊ गुरगुट्या भात त्या मुलापुढे ठेवला. एका बाजूने चावत त्याने तो सगळा संपवला.

वडील उन्हाळ्याच्या आधी परत गेले. शरद ऋतूत नव्या मोसमाची निवड सुरू झाली, आणि एका सकाळी उंच बचावपटू ठरलेल्या वेळी दात साफ करून घ्यायला आला. मी सहज विचारलं, यंदा संघ कसा आहे. तो म्हणाला, "ते मला आता बाहेरून बघावं लागेल, डॉक. काल मला संघातून काढलं. तो चेक मुलगा राहिला."

आमचे डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं आणि तसेच बाहेर आले. चेहरा लाल झाला होता. संघाच्या मालकाला मी ओळखतो, आत्ता फोन करतो, म्हणाले. इतकी वर्षं या मुलाने तोंड फोडून घेतलं ते कोणासाठी. संघात कॅनडाचे निम्मेसुद्धा उरले नाहीत तर मी त्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही.

उंच बचावपटू खुर्चीत उठून बसला. गळ्यात माझा कागदी रुमाल तसाच होता. तो शांतपणे म्हणाला, "फोन करू नका. तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. पहिल्या आठवड्यातच मला ते कळलं होतं, म्हणून तर मी चिडलो होतो." मग म्हणाला, "तुम्हीसुद्धा गावातल्या कोणालातरी ठेवू शकला असता. तुम्ही हिला ठेवलंत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला अवघडल्यासारखं झालं आणि आतून फार बरंही वाटलं. त्या काळी नवऱ्याच्या कंपनीत, बाहेरचे येऊन आमचं काम नेतात, असं लोक ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत. त्याबद्दल आम्ही घरीसुद्धा फारसं बोलत नव्हतो. डॉक्टर आपल्या खोलीत गेले. मी राहिलेले दात साफ केले. फोन त्यांनी केला नाही.

महिनाभर ते सामन्याला आले नाहीत. मी एकटीच जायची. मग एका शनिवारी माझ्या शेजारी येऊन बसले, पुस्तिका उघडली आणि चेक मुलाच्या गावाचं नाव सावकाश, एकेक अक्षर लावून वाचलं. मला म्हणाले की त्या मुलालाच विचारून उच्चार शिकून घेतलाय.

उंच बचावपटू सस्कॅचवानला परत गेला नाही. बायको इथल्याच शाळेत शिकवायची, बाळ व्हायचं होतं. नोव्हायच्या वाटेवर बर्फावर खेळायची एक नवी रिंक झाली होती, तिथे तो लहान मुलांना शिकवू लागला. माझी मुलगी हट्ट करून तिथे गेली. मुलांमध्ये ती एकटी मुलगी, वर चष्मा. पहिले काही आठवडे ती उभी कमी आणि पडलेली जास्त असायची. मी काचेपलीकडून काळजीने बघायची, आणि तो मला हाताने खूण करायचा की असू दे. एकदा गाडीत मी तिला म्हटलं, नको वाटत असेल तर बंद करू. ती म्हणाली, "Aai, I'm good at falling now." रविवारी चेक मुलगाही शिकवायला यायचा. पगार काही नव्हता, जेवण मात्र उंच बचावपटूच्या घरी असायचं.

दीड-दोन वर्षांनी चेक मुलाला वरच्या लीगमधून बोलावणं आलं. त्याला विमानतळावर सोडायला उंच बचावपटूच गेला. तिथे सामन्याला सूट घालून जायची रीत होती आणि मुलाकडे धड सूट नव्हता, म्हणून स्वतःच्या लग्नातला दिला. बाह्या लांब होत्या. तो पहिला सामना आम्ही सगळ्यांनी डॉक्टरांच्या घरी टीव्हीवर बघितला. तो फार वेळ खेळला नाही, पण जेवढा खेळला तेवढा वेळ उंच बचावपटू जागेवरून उठून उभा होता. मी पुण्याला फोन केला तेव्हा वडिलांनी सगळ्यात आधी विचारलं, "आपला तो भात खाणारा मुलगा कसा खेळला?"

दशक संपता संपता डॉक्टर निवृत्त झाले आणि दवाखाना माझ्याकडे आला. तोवर संघात अमेरिकन, स्वीडिश, चेक सगळे होते, आणि मोठ्या लीगमध्ये रशियाचे खेळाडू येणार, आलेच, अशा बातम्या होत्या. कॅनडाची मुलं अजूनही पुष्कळ होती. दात अजूनही तसेच तुटत होते. "कुठे दुखतं?" आणि "तोंड उघड" एवढं मला चार भाषांत म्हणता यायला लागलं होतं. डॉक्टर रोज सकाळी येऊन बाहेरच्या सोफ्यावर बसायचे. नव्या मुलांना खुर्चीची भीती वाटू नये म्हणून त्यांच्याशी गप्पा मारायचे, वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवरून त्यांना इंग्रजी शिकवायचे. माझ्या हातात ड्रिल असायचं आणि बाहेरून त्यांचा आवाज यायचा. कोणातरी परदेशी मुलाला ते ऑन्टारिओच्या उच्चारात "थंडर बे" म्हणायला शिकवत असायचे, आणि तो मुलगा पुन्हा पुन्हा म्हणून बघत असायचा.